नावे ठेवणारी मंडळी

दिवाळीच्या दिवसांत प्रत्येक घरात एक तरी माणूस असा निघतोच, की जो चकलीचा पहिला तुकडा कानाशी नेऊन मोडतो. आवाज ऐकतो, मग तुकडा तोंडात टाकतो, क्षणभर डोळे मिटतो आणि निकाल देतो, "मोहन जरासे कमी पडले." त्याच्या बायकोने पहाटेपासून सोऱ्या दाबलेला असतो. त्या क्षणी तिला या रसिकाविषयी नेमके काय वाटत असेल, ते न लिहिलेलेच बरे. पण ती जे बोलून दाखवते, ते मराठी घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. "नावे ठेवायला काय जाते? एकदा करून दाखवा, म्हणजे कळेल!"

आपल्याकडे हे वाक्य म्हणजे वादाचा शेवट. ते उच्चारले गेले की समोरच्याने मुकाट्याने ताट पुढे ओढून खायला लागावे, असा संकेत आहे. चकलीपुरता तो मलाही मान्य आहे. पण हेच वाक्य आपण नाटकाला लावतो, सिनेमाला लावतो, कवितेला लावतो. ज्याला स्वतःला करता येत नाही त्याने दुसऱ्याच्या करणीत दोष काढू नयेत, असा त्याचा अर्थ. आणि दोष काढणारा तो निव्वळ रिकामटेकडा, असा त्याच्या पोटातला दुसरा अर्थ.

मला मात्र या वाक्याची एक निराळीच गंमत वाटत आली आहे. ते टोमणा म्हणून ऐकले तर माणूस गप्प बसतो, पण आमंत्रण म्हणून ऐकले तर? "करून दाखवा" म्हटल्यावर नावे ठेवणारा खरोखरच उठला आणि बाह्या सरसावून कामाला लागला, तर काय होते? असे घडलेली निदान दोन गावे मला ठाऊक आहेत. एक पॅरिस, आणि दुसरी आमची सांगली. दोन्ही नावे एका दमात घेतल्याबद्दल पुणेकर हसतील. त्यांना हसू द्यावे.

माझे बालपण साताऱ्याला गेले आणि नोकरीची सारी वर्षे सांगलीत. कृष्णामाईही साताऱ्याकडूनच सांगलीला येते, तेव्हा या प्रवासात नवल काही नाही. साताऱ्याच्या घरी आमचे थोरले काका होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना सिनेमाचा भारी नाद. रात्रीचा शेवटचा खेळ सुटला, की ते आणि त्यांचे दोन मित्र राजवाड्यापर्यंत चालत येत, आणि तिथे उभे राहून नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाचे ऑपरेशन करीत. मी त्यांचे बोट धरून पेंगत उभा असे. एकदा नायकाची आई वारते त्या प्रसंगावरून असे काही जुंपले, की माझी झोपच उडाली. अण्णांचे म्हणणे, आई गेल्यावर धो धो पाऊस पाडण्याचे कारण काय? रडायचे काम नटाचे की ढगांचे? मित्र म्हणाले, अहो, पाऊस नसता तर तुम्ही रडला असता का? यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नसतो रडलो. म्हणूनच मला फसवल्यासारखे वाटतेय."

घरी काकू दार उघडताना म्हणायच्या, "तिकिटाचे पैसे देऊन भांडण विकत आणता झाले!" पण त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. पडद्यावरचा पाऊस आपोआप पडत नाही. तो कुणीतरी ठरवून पाडलेला असतो, आणि ठरवलेली गोष्ट निराळीही ठरवता आली असती.

पुढे फ्रान्समधल्या काही तरुणांची हकीकत वाचनात आली, तेव्हा मला पहिल्यांदा राजवाड्यासमोरचे ते त्रिकूट आठवले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला होता, तेव्हा तिथे अमेरिकन चित्रपट दाखवायला मनाई होती. १९४४ साली पॅरिस मुक्त झाले आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत अडून राहिलेले चित्रपट धरणाचे दार उघडावे तसे एकदम लोटले. त्यातच आन्री लांग्ल्वा नावाचा एक विलक्षण माणूस तिथे होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी १९३६ सालीच जुने चित्रपट गोळा करून जपणारी एक संस्था काढली होती. युद्धाच्या काळात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने चित्रपटांची रिळे लपवून ठेवली. युद्धानंतर साठेक खुर्च्यांच्या एका लहानशा सभागृहात तो ती दाखवू लागला. मूकपट, रशियन, जर्मन, अमेरिकन, हाती येईल ते. कित्येकदा खाली भाषांतराच्या ओळीही नसत.

त्या सभागृहात काही पोरे रोज येऊन पुढच्या रांगेत बसत. एकाचे नाव फ्रान्स्वा त्रुफो. दुसरा झाँ-ल्युक गोदार, तिसरा जाक रिवेत, चौथा क्लोद शाब्रोल. त्यांच्याहून वयाने मोठा असा एरिक रोमेर हा तर शाळामास्तर होता. यांच्यातल्या कुणाजवळ कॅमेरा नव्हता, पैसा नव्हता, आणि सिनेमाधंद्यात कुणाची ओळख नव्हती. होती ती फक्त मते, आणि मते मात्र पोत्याने होती.

या पोरांना हाताशी धरले ते आंद्रे बाझँ या समीक्षकाने. बाझँने दोघा सहकाऱ्यांसह एप्रिल १९५१ मध्ये 'काइए द्यू सिनेमा' नावाचे मासिक सुरू केले. नावाचा अर्थ अगदी साधा आहे, सिनेमाच्या वह्या. पिवळ्या मुखपृष्ठाच्या या वह्यांतून या मंडळींनी नावे ठेवायला सुरुवात केली, आणि ती अशी, की मोठमोठे दिग्दर्शक चळचळ कापू लागले. जानेवारी १९५४ च्या अंकात त्रुफोचा एक लेख आला. तेव्हा त्याला बाविसावे वर्षही पुरे व्हायचे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याकडे नावाजलेल्या कादंबऱ्या घेतात, नावाजलेले पटकथालेखक त्या बेतशीर कापतात, उंची पोशाख आणि सुबक देखावे उभे करतात, आणि दिग्दर्शक त्याला फक्त चित्रे पुरवतो. सगळे कसे नीटनेटके, पण कुणाचेच नसलेले. कादंबरी जशी कादंबरीकाराची, तसा सिनेमा दिग्दर्शकाचा का नसावा? त्याची नजर, त्याचा स्वभाव, त्याचा राग त्यात का दिसू नये?

या मंडळींनी नुसती नावेच ठेवली असती, तर मी त्यांची गोष्ट सांगत बसलो नसतो. त्यांनी डोक्यावरही घेतले. हिचकॉक हा तेव्हा पुष्कळांच्या लेखी रहस्यपटांचा हुशार कारागीर एवढाच होता. रोमेर आणि शाब्रोल यांनी १९५७ साली त्याच्यावर चक्क एक पुस्तक लिहिले. धंदेवाईक म्हणून बाजूला टाकलेल्या चित्रपटांतला एकेक प्रसंग घेऊन ते विचारीत, इथे कॅमेरा दाराबाहेरच का थांबला? ही बाई बोलत असताना आपल्याला ऐकणाऱ्याचा चेहरा का दाखवला? म्हणजे अण्णांचा पावसाचाच प्रश्न! ज्याला असे प्रश्न पडतात तो नकळत दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलेला असतो. गोदार पुढे सांगत असे, की आम्ही लेख लिहीत होतो तेव्हाही सिनेमाच करीत होतो. मला हे बोलणे फुशारकीचे वाटत नाही.

बाझँचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. त्रुफोचे बालपण फार हालात गेले होते. घरी प्रेम नव्हते, शाळेत मन नव्हते. पोरवयात त्याने सिनेमा दाखवणारे मंडळ काढले आणि कर्ज करून ठेवले. बापाने त्याला पोलिसांच्या हवाली केले. त्याला सोडवून आणायला धावला तो बाझँ. पुढे लष्करातून पळाल्याबद्दल तो तुरुंगात पडला, तेव्हाही खटपट केली ती बाझँनेच, आणि सुटल्यावर स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पण म्हणून त्याने शिष्याचे लिखाण डोळे मिटून छापले नाही. त्रुफोचा तो गाजलेला लेख त्याने पुन्हा लिहून घेतला. 'दिग्दर्शक मोठा म्हणजे त्याचा प्रत्येक चित्रपट मोठा' असे ही पोरे म्हणू लागली, तेव्हा १९५७ मध्ये त्याने आपल्याच मासिकात लेख लिहून त्यांचा कान धरला. आपल्या पोरांशी जाहीर मतभेद करायचा आणि तरीही त्यांना घरातून, मासिकातून बाहेर काढायचे नाही, हे किती वडीलधाऱ्यांना जमते?

आणि मग व्हायचे ते झाले. सारे जण म्हणू लागले, एवढी नावे ठेवता, तर करून दाखवा! शाब्रोलने पत्नीला वारसाने मिळालेल्या पैशांतून आपला पहिला चित्रपट काढला. त्रुफोचे सासरे चित्रपटांच्या धंद्यात होते, त्यांची मदत झाली. १० नोव्हेंबर १९५८ रोजी त्याने चित्रीकरणाला आरंभ केला. दुसऱ्याच दिवशी बाझँ रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याचे वय अवघे ४० वर्षांचे होते. 'द फोर हंड्रेड ब्लोज' या इंग्रजी नावाने आपल्याला ठाऊक असलेला तो चित्रपट त्रुफोने बाझँलाच अर्पण केला. मूळ फ्रेंच नाव म्हणजे एक वाक्प्रचार आहे, आपल्या मराठीत 'उनाडक्या' म्हणावे तसा. घराला आणि शाळेला नकोसा झालेला एक मुलगा, एवढीच ती गोष्ट. शेवटी तो मुलगा सुधारगृहातून पळतो, धावत धावत समुद्राशी येतो, वळून आपल्याकडे पाहतो आणि चित्र तिथेच थिजते. तिथे पाऊस पडत नाही. कुणी रडत नाही. पाहणाऱ्याच्या घशात मात्र आवंढा येतो.

कान गावच्या महोत्सवात १९५८ साली या त्रुफोला त्याच्या झोंबऱ्या लिखाणापायी समीक्षक म्हणून रीतसर प्रवेश नाकारला होता. त्याच महोत्सवाने १९५९ साली त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक दिले. १९६० मध्ये गोदारचा 'ब्रेथलेस' आला. त्यात छायाचित्रकाराला चाकांच्या खुर्चीत बसवून ती ढकलत ढकलत चित्रीकरण केले होते. फिरता कॅमेरा ठेवायला लागणारे रूळ आणि गाडा आणायचा तर पैसे हवेत ना! जगभर या मंडळींना 'नवी लाट' असे नाव पडले.

आता आमच्या सांगलीला येतो. ही गोष्ट पॅरिसच्याही शंभर वर्षे आधीची आहे.

१८४२ साली कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी आपले खेळ घेऊन सांगलीत आली. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन हे तेव्हा सांगलीचे राजे. सांगलीचा गणपती पाहिलेल्यांना त्यांचे नाव सांगायला नको. राजेसाहेबांनी खेळ पाहिले. त्यांना ते आवडले, आणि आवडले नाहीतही. गंमत वाटली, पण ओबडधोबडपणा खटकला. आता राजाला एखादी गोष्ट खटकली तर त्याने बिदागी देऊन मंडळींना वाटेला लावावे, फार तर चारचौघांत दोन शब्द बोलावे. चिंतामणरावांनी निराळे केले. पदरी असलेल्या विष्णुपंत भाव्यांना बोलावून सांगितले, की असे खेळ मराठीत करा, आणि यापेक्षा चांगले करा. विष्णुपंतांनी पदे रचली, माणसे जमवली, त्यांना शिकवले, सोंगे सजवली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे राहिले. आजही ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुष्कळ भाषणे होतात. पण मराठी रंगभूमी जन्माला आली ती एका प्रेक्षकाच्या असमाधानातून, हे मी त्या भाषणांत क्वचितच ऐकले आहे.

पुढेही हा धागा तुटला नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव आपण 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे विनोदकार म्हणून घेतो. पण त्यांनी लेखणी प्रथम उचलली ती परीक्षण लिहायला. 'विक्रमशशिकला' या नाटकावर १८९३ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांनी टीकालेख लिहिला. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांचे स्वतःचे 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. आधी नावे ठेवली, मग करून दाखवले! त्यांना गुरू मानणारे गडकरी त्यांच्याहूनही मोठे नाटककार झाले.

कोल्हटकर आणि गडकरी या दोघांनाही गुरुस्थानी मानणारा एक मुलगा १८९८ साली सांगलीत जन्मला. विष्णु सखाराम खांडेकर. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करता करता त्यांनी कथा-कादंबऱ्यांबरोबर टीकालेखनही पुष्कळ केले, आणि १९३२ साली आपल्या गुरूवर, गडकऱ्यांवर, अख्खे पुस्तक लिहिले. पुढे १९३६ मध्ये मास्टर विनायकांनी 'छाया' हा बोलपट काढला, त्याची कथा खांडेकरांची. मागोमाग 'ज्वाला' आला, 'अमृत' आला. शाळामास्तर, टीकाकार आणि चित्रपटाचा लेखक! रोमेर पॅरिसमध्ये पुढे जे झाला, ते आमच्या सांगलीचा सुपुत्र कोल्हापुरात आधीच होऊन बसला होता. फरक एवढाच, की खांडेकरांनी कॅमेरा हाती घेतला नाही.

सातारकर म्हणून मला मर्ढेकरांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांचा जन्म खानदेशातला, पण घराण्याचे गाव सातारा जिल्ह्यातले मर्ढे. एकीकडे सौंदर्यशास्त्र लिहायचे, जुन्या समीक्षेची भिंगे पुसून पुन्हा लावून पाहायची, आणि दुसरीकडे १९४७ साली 'काही कविता' लिहून मराठी कविताच बदलून टाकायची, हे दोन्ही एकाच माणसाने केले. त्यांच्यातल्या टीकाकाराने त्यांच्यातल्या कवीला कधी स्वस्थ बसू दिले नाही, असे मला त्यांची पुस्तके वाचताना वाटत आले आहे.

मग प्रश्न असा पडतो, की नाटकात आणि कवितेत जे आपल्याकडे घडले, ते सिनेमात का घडले नाही? अगदीच घडले नाही, असेही नाही. कलकत्त्याला सत्यजित राय यांनी मित्रांसह १९४७ साली फिल्म सोसायटी काढली, १९४८ मध्ये आपल्या चित्रपटांचे काय चुकते यावर इंग्रजीत लेख लिहिला, आणि १९५५ साली 'पथेर पांचाली' करून दाखवला. मुंबईला ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपटांवर लिहीत. त्यांनी १९४६ मध्ये बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. आणि आपले बाबूराव पटेल तर होतेच! १९३५ साली त्यांनी 'फिल्मइंडिया' सुरू केले. त्यांच्या लेखणीने नट-निर्मात्यांना घाम फुटे. बाबूरावांनी चित्रपटही काढले. १९४४ चा 'द्रौपदी', १९४६ चा 'ग्वालन'. पण आज बाबूराव लोकांना आठवतात ते मासिकामुळे. त्यांचे चित्रपट कुणाच्या ओठांवर नाहीत.

असे का झाले असावे? मला याचे कारण त्यांच्या टीकेच्या जातीतच दिसते. बाबूरावांची टीका फार वाचनीय होती, पण ती बहुधा माणसांवर असे. कोण कसा, कुणाचे काय, कोणाची कशी जिरवली. 'इथे कॅमेरा दाराबाहेरच का थांबला?' हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही. जी टीका माणसाला झोडपते तिच्याने वाचकाची करमणूक होते, पण लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जी टीका कामाची शिवण उसवून पाहते, ती लिहिणाऱ्याला शिवायला शिकवते.

दुसरे कारण याहून दुखरे आहे. नाटक छापले जाई, नाटक मंडळ्या गावोगाव फिरत, एकच 'शारदा' माणूस दहा वेळा पाही आणि दोन नटांची तुलना करी. सिनेमा मात्र थेटरातून उतरला की गेला. पॅरिसच्या पोरांसाठी लांग्ल्वाने रिळे लपवून जपली. आपल्याकडे फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'देखील आज पुरता उरलेला नाही. त्याच्या चार रिळांपैकी दोनच हाती आहेत. पुण्यात प्रभातच्या जागेवर सरकारने १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभारली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तिथे जन्मभर रिळे गोळा केली. पण तोवर आपले कितीतरी मूकपट नाहीसे झाले होते. ज्या पिढीला आजोबांचा सिनेमा पाहायला मिळत नाही, तिने बापाच्या सिनेमाला नावे ठेवायची ती कशाच्या बळावर?

हे सारे मी आज इतक्या तपशिलाने लिहितो आहे, त्याला एक घरगुती कारण झाले. आमची भाची सांगलीतच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सिनेमाचे वेड. तिच्याजवळ एक जाड वही आहे, आणि पाहिलेल्या प्रत्येक सिनेमावर ती त्या वहीत पानेच्या पाने लिहिते. गेल्या वर्षी एक मराठी चित्रपट घरातल्या सर्वांनी मिळून पाहिला. सर्वांना आवडला. घरी आल्यावर ती म्हणाली, "शेवटचा अर्धा तास दिग्दर्शकाचा नाहीच. तो प्रेक्षकांना घाबरून केलाय." झाले! तिचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, ताडकन म्हणाले, "नावे ठेवायला काय जाते? एक करून दाखव!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तेच करायचंय, बाबा. पदवी झाली की मला पुण्याच्या इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायची आहे."

त्यानंतर त्या घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही. मेहुण्यांची बाजू मी समजू शकतो. त्यांनी स्वतः कष्टाने शिकून नोकरी केली, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढले. सिनेमात शंभरांतल्या एकाचे नाव होते आणि नव्व्याण्णवांचे काय होते ते कुणी छापत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पॅरिसच्याही साऱ्याच पोरांना सासरे आणि वारसे मिळाले नसतील. शेवटी बहिणीने मला मध्ये घातले. मी मेहुण्यांना उपदेश केला नाही. त्यांना वरची सांगलीची गोष्ट सांगितली, राजेसाहेबांची. म्हटले, "भावजी, 'करून दाखव' असे तुम्ही म्हणालात. चिंतामणरावही तेच म्हणाले होते. पण म्हणून ते उठून गेले नाहीत. विष्णुपंतांच्या पाठीशी उभे राहिले."

मेहुणे हसले नाहीत. पण त्यांनी एक तोड काढली. पदवी आधी, परीक्षा नंतर, आणि मधल्या सुट्टीत तिने काहीतरी खरोखरच करून दाखवायचे. भाचीने ते मान्य केले.

त्या मे महिन्यात ती आणि तिच्या तीन मैत्रिणी हरिपूरच्या रस्त्याला लागल्या. देवलांचे गाव ते. तिथे कृष्णेला वारणा मिळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बारा मिनिटांचा एक सिनेमा केला. पुराच्या वेळी घर सोडलेली एक म्हातारी, पाणी ओसरल्यावर परत येऊन भिंतीवरची पाण्याची रेघ पुसत बसते, एवढीच गोष्ट. पैसे जवळजवळ लागले नाहीत, घाम पुष्कळ लागला. कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला ती रेघ काय ते सांगावे लागत नाही.

पूर्वी अण्णांना एका सिनेमावर भांडायला तीन माणसे आणि राजवाड्यासमोरची मोकळी जागा मिळत असे. आज जगातला कुठलाही सिनेमा खिशातल्या मोबाइलवर पाहता येतो. लांग्ल्वाला जे स्वप्नातही दिसले नसेल ते आपल्या पोरांच्या हाती आहे, आणि कॅमेराही त्यांच्याच हाती आहे. कमी पडते ती सोबत. प्रत्येक जण कानात बोंडे घालून आपापला सिनेमा एकट्याने पाहतो आणि शेवटी एक अंगठा वर करून मोकळा होतो. अंगठ्यातून काही शिकता येत नाही. शिकायला समोर माणूस लागतो, आपल्यावर माया असलेला आणि तरीही आपले न ऐकणारा. पॅरिसच्या पोरांना बाझँ मिळाला. तसा एक माणूस घराघरातून मिळायला हवा.

भाचीने तो सिनेमा एका रविवारी घरच्यांना दाखवला. बहिणीच्या डोळ्यांना पदर लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान हो!" मीही छान म्हणालो. मेहुणे काहीच बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी म्हातारी रेघ पुसत असताना ते म्हणाले, "इथे बासरी कशाला घातलीस? मला आपोआप भरून येत होते. बासरी वाजली आणि थांबले."

भाचीचा चेहरा क्षणभर पडला. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि आपली जाड वही घेऊन आली. वडिलांच्या पायाशी बसून तिने कोरे पान काढले आणि म्हणाली, "थांबा बाबा, लिहून घेते. आणखी काय खटकले?"